फुकट जेवणाचं बिल

‘देअर इज नो सच थिंग अ‍ॅज अ फ्री लंच.’ म्हणजे फुकटचं जेवण असं काही नसतंच. अर्थसंकल्पाच्या दिवसांत टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच, आणि बहुतेक जण ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नावावर खपवतात. फ्रीडमन यांचं जवळपास याच नावाचं पुस्तक १९७५ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण वाक्य त्यांच्याआधीचं, आणि त्यातलं ‘लंच’ तर त्याहून कितीतरी जुनं.

हे लंच खरोखरचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या गुत्त्यांमध्ये काउंटरवर हॅम, चीज, ब्रेड, खारवलेले मासे मांडलेले असत. एक पेला विकत घ्या, हवं तेवढं खा. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग १८८९ मध्ये हिंदुस्थानातून सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, तेव्हा हॅट मागे सरकवून अन्नावर तुटून पडलेली माणसं पाहून थक्क झाला. दिवसाला रुपयाहून कमी पैशांत इथे दिवाळखोरसुद्धा झकास जेवू शकतो, असं त्याने लिहून पाठवलं. हिशोब रुपयांत, कारण वाचक इकडचे होते.

गुत्तेवाले काही अन्नछत्र चालवत नव्हते. खारट खाल्लं की घसा कोरडा पडतो, आणि दुसरा पेला मागवावाच लागतो. आपल्या बारमधला चकणा याच कुळातला. १९२० मध्ये दारूबंदी आली, गुत्ते बंद पडले, जेवणही गेलं.

वाक्प्रचार मात्र राहिला. जून १९३८ मध्ये टेक्सासच्या ‘एल पासो हेरल्ड-पोस्ट’मध्ये एक बोधकथा छापून आली. राजा अर्थतज्ज्ञांना सांगतो, तुमचं शास्त्र थोडक्यात समजावा. ते ८७ खंड घेऊन हजर! राजा भडकतो, मुंडकी उडू लागतात. शेवटी उरलेला एकटा म्हातारा सगळं शास्त्र आठ इंग्रजी शब्दांत सांगतो. ते शब्द म्हणजे याच वाक्याचं बोलीतलं रूप: ‘देअर एन्ट नो सच थिंग अ‍ॅज फ्री लंच.’ १९६६ मध्ये विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांच्या चंद्रावरच्या वसाहतीच्या कादंबरीने ते तरुणांच्या तोंडी बसवलं. तिथे श्वासाच्या हवेचेही पैसे पडतात.

या प्रवासात रोख बदलला. गुत्त्यात प्रश्न मालकाच्या चलाखीचा होता. अर्थशास्त्रात तो संधिखर्चाचा झाला. एका कामाला लावलेला पैसा, वेळ, जमीन दुसऱ्या कामाला मिळत नाही, एवढंच वाक्याचं म्हणणं. ‘फुकट देऊ नका’ असं ते कुठेही सांगत नाही. आपल्याकडे मात्र ते फुकट योजनांच्या, म्हणजे ‘रेवडी’च्या वादात, तेही गरिबांच्या योजनांवरच, फेकून मारलं जातं. शाळेतलं मध्यान्ह भोजन तर शब्दशः फ्री लंच! त्याचं बिल करदाते भरतात, आणि त्या पैशांत पोराच्या पोटात खिचडी जाते, पटावरची हजेरी टिकते. सौदा वाईट वाटत नाही.

यूपीआयच्या फुकटपणाबद्दल मात्र कोणी हे वाक्य काढत नाही. जानेवारी २०२० पासून त्यावरचं व्यापारी शुल्क शून्य आहे. टपरीवर दहा रुपयांचा चहा स्कॅन करून घेतला, तरी त्या व्यवहाराचा खर्च होतोच. काही भाग केंद्र सरकार प्रोत्साहन निधीतून देतं, उरलेला बँका आणि पेमेंट कंपन्या सोसतात.