हक फिनला गुलामगिरी चूक वाटतच नाही

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीबद्दल एक सारांश वर्षानुवर्षं फिरतो आहे: मिसिसिपीवरच्या तराफ्यावर, पळून आलेला गुलाम जिम याच्या सहवासात हक या पोराला गुलामगिरी अन्याय्य असल्याचं उमगतं. कादंबरीत तसं घडत नाही.

३१व्या प्रकरणात हक जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला लिहितो. लिहिल्यावर पापातून सुटल्यासारखं वाटतं. मग जिमचा जिव्हाळा आठवतो, आणि ‘ठीक आहे, जाईन नरकात’ म्हणत तो पत्र फाडतो. आपण पापच करतोय याबद्दल त्याला तेव्हाही शंका नसते! पुढे जिमला सोडवायला त्याचा मित्र टॉम सॉयर तयार होतो, तर टॉम हकच्या नजरेतून उतरतो.

मार्क ट्वेननं १८९५ च्या टिपणात या कादंबरीचं वर्णन निकोप हृदय आणि विकृत सदसद्विवेक यांची टक्कर असं केलं. हा विवेक गुलामगिरीच्या मिसूरीनं, चर्चसकट, घडवलेला. हकला सुधारक ठरवलं की त्या समाजावरचा हा घणाघात नाहीसा होतो.

त्याची वाढ खरी आहे, पण ती माणसापुरती. धुक्यात दोघांची ताटातूट झालेल्या रात्रीनंतर जिमची थट्टा केल्याबद्दल माफी मागायला मन वळवताना त्याला पंधरा मिनिटं लागतात. मागितल्याचा पश्चात्ताप मात्र कधीच होत नाही.