चरबीजन्य दाह आणि रक्तवाहिन्या

चरबीजन्य दाह : शरीरात, विशेषतः पोटाच्या पोकळीत, गरजेपेक्षा जास्त साठलेल्या चरबीतून उठणारा आणि वर्षानुवर्षे धुमसत राहणारा मंद दाह. पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत निवळते. हा दाह ठणकत नाही, ताप आणत नाही आणि आपणहून निवळतही नाही. त्याची झळ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते.

चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेल्या भातासारखी निमूट पडून असलेली शिल्लक, अशीच समजूत बराच काळ होती. १९९३ मध्ये लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होत असल्याचे दिसले. १९९४ मध्ये भुकेला लगाम घालणारे लेप्टिन हे चरबीतलेच संप्रेरक सापडले. त्यानंतर चरबीकडे एक ग्रंथी म्हणून पाहिले जाऊ लागले. २००३ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : वजन वाढते तशा चरबीत भक्षकपेशी, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने शिरतात. चरबीची पेशी फुगत जाते, तिला प्राणवायू पुरेनासा होतो, काही पेशी मरतात, आणि प्रत्येक मेलेल्या पेशीभोवती भक्षकपेशी कडे करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे मुकुटासारखे दिसते. तिथून टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ रक्तात उतरतात. इंटरल्युकिन-६ मुळे यकृत सीआरपी हे दाहाची खूण देणारे प्रथिन जास्त तयार करते. अॅडिपोनेक्टिन हे रक्तवाहिन्यांना जपणारे द्रव्यही चरबीच बनवते, पण चरबी वाढली की नेमके तेच घटते. आतड्यांभोवतीच्या चरबीतले रक्त प्रवेशिनी शिरेतून थेट यकृतात जाते. मांडीवरच्या चरबीपेक्षा पोटातली चरबी जास्त घातक ठरते, त्यामागे हेही एक कारण मानतात.

रक्तवाहिनीचे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते; त्याने वाहिनी सैल होते आणि रक्त तिच्या भिंतीला चिकटत नाही. (या वायूच्या कामाचा उलगडा केल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले.) दाह सुरू राहिला की हा वायू कमी पडतो, वाहिनी ताठरते, रक्तदाब चढतो. अस्तरावर चिकट रेणू उगवतात आणि खाडीतल्या खडकाला कालवे धरावीत तशा पांढऱ्या पेशी तिथे धरतात, मग भिंतीत शिरतात. तिथे एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आधीच झिरपलेले असते. ते गिळून या पेशी फेसाळ होतात आणि थर साचत जातो. थरावरचे कवच दाहाने पातळ होऊन फाटले की गुठळी होते. हृदयविकाराचे बरेचसे झटके असेच येतात. शिवाय चरबीतून येणारे पीएआय-१ हे द्रव्य झालेली गुठळी विरघळू देत नाही.

कोकणात, आणि एकूण भारतातच, ही गोष्ट वजनकाट्यावर कळत नाही. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही ठेवण रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी दिसते. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याचे पोट सुटलेले दिसले की 'मुंबई मानवली हो' म्हणून कौतुक होते. ते कौतुक मायेचे असते, पण त्या पोटाला टेप लावून पाहणे जास्त मायेचे ठरेल. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात. करगोट्यावर भिस्त ठेवू नये : पोट वाढले की तो खाली सरकून बसतो, आणि 'अजून सैलच आहे' असे वाटत राहते.

या किनाऱ्याच्या ताटात चांगले पुष्कळ आहे. बांगडा आणि तारली या तेलकट माशांत ओमेगा-३ मेदाम्ले असतात आणि ती दाह शमवायला हातभार लावतात. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी ही तंतुमय अन्ने आहेत. पण खोबरेल तेलातला मेद मुख्यतः संपृक्त असून तो एलडीएल वाढवतो, आणि सुक्या मासळीतले मीठ रक्तदाबाला बाधते. कोकमाने चरबी झडते या दाव्याला माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. सोलकढी चवीसाठी प्यावी. खरा फरक कष्टांत पडला आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन दिवसभर लावणीला वाकणाऱ्या, किंवा किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या माणसाला तेवढा भात लागत असे. आता चिखलणी पॉवर टिलर करतो, बाजारहाट दुचाकीवर होतो, आणि भाताचा डोंगर मात्र ताटात तेवढाच.

वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी सीआरपी खाली येतो. चालण्याने रक्ताचा वेग वाढतो, आणि त्या वाहत्या रक्ताच्या घर्षणानेच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडते. म्हणजे वजन हलायच्या आधीच वाहिनीला लाभ मिळू लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे दाहविरोधी औषध देऊन पाहिले, तेव्हा कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. त्याचबरोबर जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, त्यामुळे ते या कामासाठी सर्रास वापरले जात नाही.

दाह मोजण्यासाठी अतिसंवेदनशील सीआरपी ही रक्ततपासणी करतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ मध्यम, त्यावर जास्त. मात्र कोकणात पावसाळ्यात ही तपासणी जपून करावी. लेप्टोस्पायरोसिस, डेंगी, मलेरिया, अगदी शेतात चिघळलेली जखमसुद्धा हा आकडा एकदम वर नेते. १० च्या पुढे आकडा दिसला तर आधी संसर्ग शोधावा, तो बरा होऊ द्यावा, आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे.