हवेवर चालणारे ब्रेकर आणि चिपिंग हॅमर: भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कॉम्प्रेसर, ब्रेकर (काँक्रीट फोडण्याचे जड हत्यार) आणि चिपिंग हॅमर (काँक्रीट सोलण्याचे हलके हत्यार) भाड्याने नेणाऱ्यांत इमारत-दुरुस्तीचे ठेकेदार, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि पाइप टाकण्यासाठी काँक्रीट फोडून घेणारे प्लंबिंगचे कंत्राटदार असतात. यंत्र प्रत्यक्ष हातात धरणारा कामगार मात्र क्वचितच आमच्या दुकानात येतो. म्हणून हे पत्रक काम सोपवणाऱ्याला उद्देशून लिहिले आहे, आणि ते कामाच्या जागी, कामगाराला समजेल त्या भाषेत, काम सुरू करण्यापूर्वी वाचून दाखवावे अशी आमची विनंती आहे. आमचा मुख्य आग्रह सुरुवातीलाच सांगतो: एका ब्रेकरमागे चालवणारे दोघे नेमावेत आणि त्यांनी आळीपाळीने काम करावे.

होस पाइप आणि कपलिंग

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोपर्यंत वाढवतो, आणि या हवेच्या जोरावर हत्यारातील पिस्टन मिनिटाला हजाराहून अधिक वेळा छिन्नीच्या माथ्यावर आदळतो. तोच दाब होस पाइपाच्या संपूर्ण लांबीत असतो, याचा अनेकांना विसर पडतो. पाऊण इंची पाइपाच्या जोडावर ही हवा सुमारे २० किलोच्या जोराने रेटत असते, आणि जोड सुटलाच तर लोखंडी कपलिंगसह (पाइप जोडणाऱ्या तुकड्यासह) पाइपाचे टोक अनावर होऊन आजूबाजूला आपटत राहते. डोके किंवा चेहरा त्याच्या वाटेत आला तर दुखापत गंभीर होते.

प्रत्येक कपलिंगला आम्ही लॉकची पिन आणि दोन्ही बाजूंचे पाइप एकमेकांना बांधून ठेवणारी सुरक्षा-वायर लावून देतो. त्या काढू नयेत, आणि हरवल्यास काम सुरू करण्यापूर्वी आमच्याकडून दुसऱ्या मागवून घ्याव्यात. सैल झालेला जोड बांधकामाच्या बाइंडिंग वायरने आवळण्याची पद्धत अनेक साइटवर दिसते. ती धोक्याची आहे, कारण ती वायर कपलिंगला धरून ठेवू शकत नाही आणि रबरही कापते. हत्यार जोडण्याआधी पाइपाचे टोक घट्ट धरून, माणसे नसलेल्या दिशेला थोडी हवा सोडावी, म्हणजे आत गेलेली माती व खडी पिस्टनपर्यंत पोहोचणार नाही. छिन्नी बदलताना किंवा हत्यार सोडवताना आधी कॉम्प्रेसरकडील व्हॉल्व्ह बंद करावा, मग ट्रिगर दाबून पाइपातली उरलेली हवा काढून टाकावी, आणि त्यानंतरच कपलिंगला हात लावावा. पाइप दुमडून हवा रोखणे हा यावरचा पर्याय नव्हे.

कपड्यांवरची किंवा अंगावरची धूळ या हवेने उडवू नये. दाबाची हवा जखमेतून शरीरात शिरू शकते, तिने उडालेला कण डोळा निकामी करू शकतो. थट्टेत सहकाऱ्याच्या शरीरात हवा सोडल्याने आपल्या देशात कामगारांचे मृत्यू झालेले आहेत, म्हणून हवेच्या पाइपाशी थट्टा चालणार नाही हे मुकादमाने पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

पावसाळ्यातील पाणी

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात यंत्र अडखळते आणि त्याचा दोष बहुधा ब्रेकरला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा हवेतील ओलावा हे असते. एका जड ब्रेकरला मिनिटाला साधारण दीड घनमीटर हवा लागते. पावसाळ्यातील आपल्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये २० ग्रॅमहून अधिक वाफ असते, आणि हवा दाबून पुन्हा थंड झाली की त्यातली बहुतेक वाफ पाण्याच्या रूपात बाहेर पडते. तासभराच्या सलग कामात हे पाणी दीड लिटरच्या आसपास भरते. ते हत्यारातील तेल धुऊन नेते, पिस्टन कोरडा घासला जातो आणि रात्रीतून गंज धरतो. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडण्याची तोटी, दिवसातून किमान दोनदा उघडावा, लाइनवरील ऑइलरमध्ये (हवेबरोबर हत्याराला तेल पुरवणाऱ्या डबीत) आम्ही दिलेले तेलच भरावे, आणि दिवसाचे काम संपल्यावर हत्यारात थोडे तेल सोडून ते काही क्षण चालवून ठेवावे. इंजिनाचे वापरलेले काळे तेल घालू नये; त्याचा फवारा बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर कामगाराच्या श्वासात जातो.

हत्यार धरण्याची रीत

ब्रेकर स्वतःच्या वजनाने काम करतो. त्याच्यावर अंग टाकून रेटल्याने काँक्रीट लवकर फुटत नाही, उलट कंपन हातात अधिक उतरते. मूठ हत्यार ताब्यात राहील इतकीच घट्ट असावी. छिन्नी कडेपासून थोड्या अंतरावर लावून लहान लहान तुकडे पाडत जावे. मधोमध खोल घुसवली की ती अडकते, आणि अडकलेली छिन्नी पहारीसारखी वापरून हेलकावे दिल्यास ती तुटते. छिन्नी जागेवर धरून ठेवणारा रिटेनर बसवल्याशिवाय किंवा छिन्नी कामावर टेकवल्याशिवाय ट्रिगर दाबू नये, कारण सुटलेली छिन्नी गोळीसारखी बाहेर फेकली जाते. बोथट छिन्नी परत आणून द्यावी, आम्ही धार लावलेली बदलून देतो.

चिपिंग हॅमर खांद्याच्या वर धरून तासन्‌तास काम करवून घेऊ नये. त्या उंचीवर काम असेल तर पक्का मचाण बांधावा, शिडीवर उभे राहून हे हत्यार चालवू नये.

हात, आणि दोन माणसांचा आग्रह

सुटलेला पाइप किंवा तुटलेली छिन्नी लगेच दिसते. कंपनाने होणारी इजा मात्र महिन्यांनी किंवा वर्षांनी कळते आणि बरीचशी कायमची असते. बोटांतील बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात; आधी मुंग्या येतात, मग बोटे बधिर होतात, शर्टाचे बटण लावणे किंवा नाणे उचलणे अवघड जाते. १९१८ साली कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथे हवेचे हातोडे वापरणाऱ्या दगडकामगारांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक पडून बधिर होत असल्याची नोंद केली होती.

बोटे पांढरी पडण्याचा झटका थंडीने येतो, आणि मुंबईत थंडी फारशी नसते. त्यामुळे येथे काम करणाऱ्याला आपल्याला काही झाले आहे असे वाटतच नाही. तो डिसेंबरात गावी गेला आणि पहाटे गार पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, आणि त्याचा संबंध कामाशी जोडला जात नाही. म्हणून रात्री बोटांना मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, हे आपण कामगाराला अधूनमधून विचारावे. उत्तर ‘होय’ असल्यास त्याला ब्रेकरपासून दूर ठेवून डॉक्टरांकडे पाठवावे, आणि हाताचे काम काय आहे ते डॉक्टरांना सांगण्यास आवर्जून सांगावे.

किती वेळ चालवावे याबाबत आम्ही ब्रिटनमधील २००५ च्या नियमांतील मर्यादा प्रमाण मानतो. त्यानुसार आठ तासांच्या सरासरीने हातावरील कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्गावर गेले की मालकाने उपाय योजायचे असतात आणि ५ ही पातळी ओलांडायची नसते. कंपन कमी करणाऱ्या मुठी नसलेल्या ब्रेकरचे कंपन १० किंवा त्याहूनही अधिक असू शकते. १० धरले, तरी ट्रिगर दाबलेला वेळ अर्धा तास झाला की पहिली पातळी गाठली जाते आणि दोन तासांत कमाल मर्यादा संपते. २० कंपनाच्या जुन्या हत्यारावर ती अर्ध्या तासातच संपते. भाडे दिवसाचे असल्यामुळे एकाच माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्र थांबू न देणे ठेकेदाराला फायद्याचे वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही दोघांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी हत्यार एकमेकांकडे देत राहावे, मधल्या वेळात दुसऱ्याने राडारोडा उचलावा, आणि ट्रिगर दाबलेल्या वेळेची प्रत्येकाची बेरीज वरच्या मर्यादेत ठेवावी. कंपनरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे ब्रेकरच्या संथ, मोठ्या धक्क्यांना फारसे अडवत नाहीत. हात कोरडे व उबदार ठेवण्यासाठी ते वापरावेत, त्यांच्या भरवशावर वेळ वाढवू नये.

धूळ आणि आवाज

मुंबईचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, आणि त्यात स्फटिकी सिलिका कमी असते. परंतु आपण फोडतो त्या जुन्या काँक्रीटमधील रेतीत, विटांत, टाइल्समध्ये आणि ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असू शकते. तिच्या सूक्ष्म धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो आणि तो बरा होत नाही. छिन्नीच्या टोकाशी पाण्याची बारीक धार धरावी आणि एन-९५ मास्क नाक-तोंडाला नीट चिकटेल असा लावावा. गमछा किंवा ओला रुमाल ही धूळ अडवत नाही.

ब्रेकरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे चालवणाऱ्याने आणि जवळ उभे राहणाऱ्यांनी कानांत प्लग घालावेत. हत्याराचा जोर वाढतो या समजुतीने त्यावरचा आवाज कमी करणारा मफलर काढू नये. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत असे यंत्र चालवता येत नाही; रुग्णालय, शाळा व न्यायालयाजवळचे काम घेताना हे आधीच तपासावे.

जागा पाहून काम सुरू करावे

हवेचे हत्यार स्वतः शॉक देत नाही, पण जमिनीतील किंवा भिंतीतील चालू केबलला छिन्नी लागली तर लोखंडी मुठीतून वीज थेट हातात येते. फुटपाथखाली विजेच्या केबल, महानगर गॅसच्या वाहिन्या आणि महापालिकेचे नळ शेजारी शेजारी असतात, तेव्हा संबंधित कार्यालयाकडून त्यांची जागा समजून घेतल्याशिवाय फोडकाम सुरू करू नये. कॉलम किंवा बीम सळईपर्यंत सोलण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगितल्याप्रमाणे टेकू लावावेत, आणि स्लॅब फोडताना फुटणाऱ्या भागावर कोणीही उभे राहू नये. डिझेल कॉम्प्रेसर तळघरात, बंदिस्त पार्किंगमध्ये किंवा डक्टमध्ये ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांब पाइप हवा असेल तर आम्ही देतो.

यंत्रात बिघाड जाणवल्यास ते साइटवर उघडू नये. हवा बंद करून, पाइप मोकळा करून आम्हाला कळवावे. बदली यंत्र पोहोचेपर्यंतच्या वेळेचे भाडे आम्ही आकारत नाही, आणि दुसऱ्या ऑपरेटरला ब्रेकर कसा धरायचा ते दाखवण्यासाठी आमचा माणूस यंत्राबरोबर विनामूल्य येतो.