वाळूतलं पाऊल आणि खाणीचा बांध

पाऊस लागला की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत खाणींचा गाळ अडवणाऱ्या बांधांचा विषय निघतो. आणि दर वर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, "खाण बंद पडून इतकी वर्षं झाली, बांधावर गवत वाढलंय, गुरं चरतात. आता कसली भीती?" 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. त्यामुळे हे बोलणं पटतंही. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे हे समजून घ्यायला मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत चार पावलं टाकली तरी पुरे.

आधी ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योबद्दल. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीत 86 मीटर उंचीचा बांध होता. 2016 पासून त्यात नवा गाळ पडत नव्हता. उतारावर हिरवंगार गवत होतं, स्थैर्याचं प्रमाणपत्रही होतं. 25 जानेवारी 2019 ला दुपारी, जेवणाच्या वेळी, तो काही सेकंदांत खाली आला. 270 माणसं गेली. त्यांत बहुतेक खाणीचे कामगार होते, कारण कँटीन बांधाच्या खालच्या अंगालाच होतं. भूकंप झाला नव्हता, आणि पाणीही बांधावरून वाहिलं नव्हतं.

असे बांध मुळात हवेतच कशाला? खनिज धुतलं की पिठासारखे बारीक कण पाण्याबरोबर निघतात. त्यालाच टेलिंग म्हणतात. हे धुवण ओहोळात सोडलं तर भातशेतीचं काय होतं, ते पिसुर्ले, शिरगाव, मये इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. म्हणून मातीचा बांध घालून ते अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी परत प्लांटला न्यायचं. म्हणजे बांध असतो तो खालच्या शेतांसाठी आणि नदीसाठी. मात्र पाण्याचं धरण गरज संपली की रिकामं करता येतं. गाळाचं तसं नाही. खाण संपते, कंपनी जाते, गाळ तिथेच राहतो.

आता वाळू. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल टाका. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. वजन पडलं तर पाणी वर यायला हवं, मग उलट का होतं? लाटांनी ती वाळू दाबून दाबून बसवलेली असते. एकमेकांत रुतून बसलेल्या कणांना सरकायचं तर आधी एकमेकांवर चढावं लागतं. त्यामुळे मधल्या फटी रुंदावतात आणि पृष्ठभागावरचं पाणी आत ओढलं जातं. वाळू दाब पडल्यावर क्षणभर जास्तच घट्ट होते.

टेलिंगचं नेमकं उलटं आहे. ते पाइपातून पातळ चिखलाच्या रूपात पडतं आणि सावकाश खाली बसतं. त्याला कोणी चोपत नाही, कण सैल रचलेले राहतात. अशी रचना हलली की कण एकमेकांवर चढत नाहीत, मधल्या फटींत कोसळतात. त्या फटी पाण्याने भरलेल्या असल्या तर पाणी जाणार कुठे? कण इतके बारीक, की ते लगेच बाहेर पडू शकत नाही.

थोडा हिशेब करू. 10 मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर साधारण 20 टन वजन येतं असं धरा. वरपर्यंत पाणी भरलेलं असेल तर त्यातले 10 टन पाण्याचा दाब तोलतो. उरलेले 10 टन कणांच्या एकमेकांवर टेकण्यातून खाली जातात. मातीची ताकद या दुसऱ्या आकड्यात असते, कारण घर्षण कणाकणांत होतं. पाण्याला घर्षण नाही. अभियंता कार्ल टर्झागी यांनी 1920च्या दशकात ही गोष्ट मांडली आणि मातीच्या ताकदीचं शास्त्र, म्हणजे मृद्‌यांत्रिकी तिच्यावर उभी राहिली. आता सैल कण कोसळले, आणि भार पाण्याने उचलला: 15 टन पाण्यावर, 5 कणांवर. मग 19 आणि 1. वजन तेवढंच, उंची तेवढीच, पण आतली माती द्रव झाली. यालाच द्रवीकरण म्हणतात.

ब्रुमाजिन्योच्या चौकशी समितीला हेच आढळलं. आतला निचरा अपुरा होता, त्यामुळे पाण्याची पातळी उंच राहिली. लोहाच्या संयुगांनी कण एकमेकांना चिकटले होते, म्हणून गाळ टणक भासायचा. पण चिकटलेलं सावकाश वाकत नाही, एकदम तुटतं. त्यात बांध जुन्या गाळावरच पायऱ्या रचत आतल्या बाजूला वाढवलेला, म्हणजे भिंतीचा पायाच त्या गाळात. बाकीचं काम 2018 च्या अखेरच्या जोरदार पावसाने आणि गाळाच्या आतल्या मंद सरकण्याने केलं. बांधावर रडार आणि ड्रोनची नजर होती, पण कोसळण्याआधी पृष्ठभागावर धोक्याची खूण दिसली नाही. आकाशातून सगळं कळतं असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आतल्या पाण्याचा दाब पायझोमीटरनेच कळतो, म्हणजे बांधात खोल उतरवलेल्या नळीने.

मोठा बांध बळी मागतो, ही समजूत अजून कानावर येते. मला ती घातक वाटते, कारण माणसं मेल्यावर ती आयतं कारण पुरवते आणि चौकशी तिथेच थांबते. बांध मागतो तो निचरा: पोटात वाळू-खडीचा थर, त्यातून पाणी जावं आणि माती अडावी. यासाठी साधं प्रमाण आहे. थरातल्या बारीक कणांची जाडी मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींपेक्षा जास्त नको. जास्त झाली तर माती पाण्याबरोबर निसटते आणि आत बीळ पडतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाला कुर्ल्यांची बिळं पडली की भरतीचं पाणी तेच बीळ रुंद करत नेतं, हे जुन्या बांधकऱ्यांना ठाऊक होतं. वेळीच चिकण भरून ते बुजवायचे.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाण चालू असताना पंप चालतात, चर साफ होतात, रोज कोणीतरी बांधावरून फेरी मारतं. बंद झाली की हे सगळं थांबतं, पाऊस मात्र थांबत नाही. म्हणून बंद खाणीच्या बांधाला पाहणीची नोंदवही हवी, आणि ती श्रावणात भरलेली हवी, मे महिन्यात नव्हे. पायथ्याशी पाणी झिरपतं म्हणून घाबरू नका, झिरपायलाच हवं. ते काचेच्या बाटलीत धरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसलेला दिसला तर बांधाच्या पोटातली माती बाहेर येत असू शकते. मग त्याच दिवशी पंचायतीला आणि खाण खात्याला लेखी कळवा, आणि बाटली सोबत न्या.