निर्बंधित कीटकनाशके : परवाना आणि प्रमाणपत्र (भारत)

निर्बंधित कीटकनाशक म्हणजे बंदी घातलेले कीटकनाशक नव्हे. त्याची नोंदणी कायम असते आणि ते बाजारात विकलेही जाते. मात्र कोणी, कशावर आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायचे याला बंधने असतात. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला, पण रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी ते राहिले. मोनोक्रोटोफॉसला २००५ मध्ये भाजीपाल्यावर मनाई झाली. धान्याच्या साठ्यात ठेवल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतला ओलावा लागताच विषारी फॉस्फिन वायू सोडतात. त्या सरकारी यंत्रणा आणि कीड नियंत्रण व्यावसायिक यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत.

या नियमनाची सुरुवात एका दुर्घटनेतून झाली. १९५८ मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या चौकशीतूनच पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ आणि कीटकनाशक नियम, १९७१ आले. फरिदाबादच्या नोंदणी समितीने नोंदवल्याशिवाय कोणतेही कीटकनाशक देशात बनवता वा आयात करता येत नाही.

परवान्याची खरी कडक व्यवस्था विक्रीसाठी आहे. कृषी सेवा केंद्राला कृषी विभागाचा परवाना लागतो, आणि ज्या कंपनीचा माल विकायचा तिचे उगम प्रमाणपत्र (माल विकायला कंपनीने दिलेली लेखी संमती) त्या परवान्यात समाविष्ट करून घ्यावे लागते. ते नसताना माल आढळला, तर निरीक्षक विक्री बंद आदेश देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीने विक्रेत्याला शिक्षणाची अटही आली : कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाची पदवी, नाहीतर कृषी पदविका. जुन्या दुकानदारांना पुढे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची सोय करून दिली गेली. ही अट योग्यच होती, कारण बहुतेक शेतकरी कोणते औषध किती मारायचे हे दुकानाच्या काउंटरवरच विचारतो.

वापरणाऱ्याला प्रत्यक्ष परवाना लागतो तो कीड नियंत्रणाचा व्यवसाय करत असल्यास. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि म्हैसूर, हापुड किंवा हैदराबाद येथील ठरलेल्या संस्थेत किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट हे तणनाशकही फक्त अशा व्यावसायिकांच्या हातून वापरावे, अशी अधिसूचना काढली.

शेतकऱ्याला मात्र कसलेही प्रमाणपत्र लागत नाही. कायद्याच्या कलम ३८ नुसार घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या कसणुकीतली जमीन यांवर हा कायदा लागू होत नाही. छोट्या शेतकऱ्याला कचेरीच्या खेपा घालाव्या लागू नयेत, हा त्यातला चांगला भाग. पण सर्वांत जास्त विष ज्याच्या अंगावर येते त्याला शिकवण्याची जबाबदारी त्यामुळे कोणाचीच उरत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. डब्यावर चौकोनाच्या वरच्या त्रिकोणात विषाची खूण आणि खालच्या त्रिकोणात विषारीपणाचा रंग असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गावात या सगळ्यालाच ‘औषध’ म्हणतात. झाकणाने मापून ते पंपात ओततात आणि हातात येईल त्या काडीने ढवळतात. लाल की हिरवा, ते पाहिले जातेच असे नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि तुषार तोंडावर, छातीवर परत येत. दोनतीन कीटकनाशके एकत्र मिसळलेली, हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना विषबाधा झाली, काहींची दृष्टी काही काळ गेली. राज्य सरकारने काही कीटकनाशकांची विक्री विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवस थांबवली. कायद्यात अशा तात्पुरत्या बंदीची मुदत तेवढीच आहे; चौकशी पूर्ण झाली नसेल तर ती फार तर आणखी तीस दिवस वाढवता येते.

अमेरिकेत परवाना वापरणाऱ्याकडे असतो. तिथे निर्बंधित रसायन प्रमाणित फवारणीदाराने किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरायचे, आणि पॅराक्वॅट या तणनाशकासाठी देखरेखही पुरत नाही, स्वतः प्रमाणित असावे लागते. कॅलिफोर्नियात याशिवाय काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कृषी आयुक्तांचा परवाना घ्यावा लागतो आणि फवारणीच्या किमान चोवीस तास आधी त्यांना सूचना द्यावी लागते.

भारतात ड्रोनने फवारायचे तर चालकाकडे प्रमाणपत्र हवे. पाठीवर पंप घेऊन सरीतून चालणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला ते लागत नाही. १९७१ च्या नियमांत फवारणी कामगारांची कामाआधी आणि दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, तसेच ऑर्गॅनोफॉस्फेट (मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांचा गट) हाताळणाऱ्यांच्या रक्ताची दरमहा चाचणी सांगितली आहे. मालकाच्या शेतातल्या मजुरापर्यंत ती क्वचितच पोहोचते.