उमेदवार मतदारसंघातलाच हवा?

‘खासदार त्याच मतदारसंघात राहणारा असावा, असा कायदाच आहे,’ हे पारावर छातीठोकपणे सांगितलं जातं. तसा कायदा नाही. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरतं. विधानसभेसाठी ते त्या राज्यात हवं. म्हणजे कोल्हापूरचा मतदार नागपुरातून उभा राहू शकतो. पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारच्या मुंगेर आणि बांक्यातून निवडून गेले. आंध्रचे नरसिंह राव रामटेकचे खासदार होते. राज्यसभेची राज्यातला मतदार असण्याची अटही २००३मध्ये गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. ग्रामपंचायतीला मात्र गावच्याच मतदारयादीत नाव लागतं. ‘बाहेरचा उमेदवार’ ही प्रचारातली तक्रार झाली, अपात्रता नव्हे.