वाळूखालचे मँगनीज : कलहारी क्षेत्राची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील मँगनीजच्या खाणी नागपूर-भंडारा पट्ट्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यात एकही नाही. तरीही सोलापुरात भूशास्त्र शिकणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेतील कलहारी मँगनीज क्षेत्राचा अभ्यास परका वाटू नये, कारण तेथील सर्वांत मोठ्या वादाच्या मुळाशी लाव्हाचा एक थर आहे, आणि लाव्हाच्या थरांवरच तर हा सारा जिल्हा वसलेला आहे.

उत्तर केप प्रांतातील हे क्षेत्र वाळू आणि चुनखडीच्या जाड आवरणाखाली दडलेले आहे. त्यातून वर आलेल्या ब्लॅक रॉक या टेकडीची नोंद १९०७ मध्ये झाली आणि १९४० मध्ये तेथे खाणकाम सुरू झाले. जमिनीवरील ज्ञात मँगनीजचा फार मोठा हिस्सा याच परिसरात असल्याचे पुढे उघड झाले. या धातुकाच्या (धातू काढता येईल अशा खनिजाच्या) जन्माशी वाळवंटाचा मात्र काहीही संबंध नाही. होताझेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तरसमूहातील लोहाच्या पट्टेदार खडकांमध्ये असलेले मँगनीजचे तीन थर समुद्रतळाशी साचलेले आहेत. वाळवंटाची स्वतःची निर्मिती म्हणावी तर ती खडकांवर चढणारा काळा, तकतकीत मँगनीजयुक्त लेप एवढीच, आणि त्याची जाडी हजार वर्षांत काही मायक्रोमीटरच वाढते.

हे थर साचले केव्हा, हा खरा वादाचा मुद्दा. त्यांच्याखालच्या ओंगेलुक लाव्हाचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) सुमारे २२२ कोटी वर्षे ठरवण्यात आले होते आणि पुष्कळ काळ तेच प्रमाण मानले गेले. वास्तविक मँगनीजच्या थरांवर असलेल्या डोलोमाइट या कार्बोनेटी खडकाचे वय १९९९ मध्येच सुमारे २३९ कोटी वर्षे निघाले होते. वरचा थर खालच्या लाव्हापेक्षा जुना असणे अशक्य असूनही पहिला आकडा इतकी वर्षे टिकून राहिला, हे आश्चर्यच म्हणायचे. अखेर २०१७ मध्ये त्याच लाव्हाशी संबंधित अंतर्वेशी (जुन्या खडकांत शिरून थिजलेल्या) खडकांतील बॅडेलिआइट या खनिजाच्या कणांवरून सुमारे २४२ कोटी ६० लाख वर्षे हे वय प्रसिद्ध झाले आणि दोन्ही स्तरांचा मेळ बसला. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. पाण्यात विरघळलेल्या मँगनीजचे ऑक्सिडीभवन लोहाइतके सहज होत नाही, त्याला मुक्त ऑक्सिजन लागतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे पूर्वी पृथ्वीच्या वातावरणातील पहिल्या मोठ्या ऑक्सिजनवाढीनंतरचे समजले जाणारे हे थर आता त्या वाढीच्या उंबरठ्यावरचे ठरतात.

खनिजांची घडण मात्र एकाच वेळी झालेली नाही. मामटवान प्रकारच्या धातुकात ब्राऊनाइट (सिलिकायुक्त मँगनीज खनिज) आणि कुट्नाहोराइट व कॅल्साइट ही कार्बोनेट खनिजे यांचे बारीक कण असून मँगनीजचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास असते. वायव्येकडे भ्रंशांलगत (खडक तुटून सरकलेल्या रेषांलगत) उष्ण द्रावांनी मुख्यतः कार्बोनेट वाहून नेले, हौसमॅनाइट व बिक्सबाइट ही ऑक्साइड खनिजे आणि कमी सिलिकाचे ब्राऊनाइट तयार झाले आणि मँगनीज ४४ टक्क्यांच्या वर गेले. या समृद्ध धातुकाला वेसेल्स प्रकार म्हणतात. एकूण साठ्यात त्याचा वाटा अगदी थोडा आहे.